बदामी-हंपीच्या सहलीत गाईडबुक कसं वापरावं

सोलापूरहून गदगकडे जाणारी रेल्वे विजयपूर, बागलकोट करत थेट बदामीला पोचते. तिथवर जाणं सोपं आहे, खरी अडचण पुढे येते. बदामीजवळच्या एकट्या ऐहोळेत शंभरावर देवळं आहेत आणि हंपीचे अवशेष चाळीसेक चौरस किलोमीटरांत पसरलेत. फोनवरचा नकाशा देवळाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर कुठल्या खांबापाशी थांबायचं, हे कळायला चांगलं छापील गाईडबुक लागतं. फक्त त्यातल्या कुठल्या पानावर किती विश्वास टाकायचा, हे आधी ठरवायला हवं.

विकत घेताना शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला, त्यामुळे वर्ष ताजं दिसलं तरी माहिती दहा वर्षांपूर्वीची असू शकते. ‘सुधारित आवृत्ती’ कोणत्या वर्षाची आहे ते बघा. तरीही शंका असेल तर हंपीचं प्रकरण उघडा. नदीपलीकडे विरुपापूर गड्डीत राहायला सुचवलं असेल, तर मजकूर २०२० च्या आधीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्षी तिथली हॉटेलं पाडण्यात आली. विरुपाक्ष मंदिरासमोरच्या दगडी मंडपांमध्ये दुकानं आणि बिऱ्हाडं असल्याचं वर्णन असेल, तर तो २०११ च्याही आधीचा. गावांची नावंही तपासा. विजापूर, हॉस्पेट, हुबळी यांची अधिकृत नावं १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपूर, होसपेटे, हुब्बळ्ळी अशी झाली. रेल्वेचं तिकीट काढताना आणि पाट्या वाचताना हीच नावं समोर येतात.

जुनं पुस्तक मात्र टाकून देऊ नका. देवळाचा आराखडा, शिलालेख, मूर्तींची ओळख हे वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही शाबूत असतं, आणि कित्येकदा नव्यापेक्षा जास्त सविस्तर. लवकर शिळं होतं ते राहणं, जेवण, बसच्या वेळा, तिकिटांचे दर आणि फोन नंबर. या पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि ही माहिती निघण्याच्या आठवड्यात फोन करून नव्याने मिळवा. हॉटेलच्या यादीतून एवढंच घ्या की राहण्याची सोय गावाच्या कुठल्या भागात आहे. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे पुस्तकात ‘स्टेशनजवळ’ लिहिलेली खोली लेण्यांसाठी गैरसोयीची पडते.

दुसरं काम आखणीचं. पुस्तकं बहुधा महत्त्वाच्या क्रमाने लिहिलेली असतात, त्या क्रमाने फिरलात तर उलटसुलट हेलपाटे होतात. बदामीला दोन रात्री मुक्काम ठेवा. पहिला दिवस गावातच: सकाळी चारही लेणी, मग अगस्त्य तलावाच्या काठाने संग्रहालय, आणि ऊन उतरल्यावर भूतनाथाची देवळं. पुरातत्त्व खात्याची बदामी, ऐहोळे आणि हंपीजवळच्या कमलापूर इथली संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, म्हणून वार बघूनच आखणी करा. दुसऱ्या दिवशी वाटेतलं पट्टदकल मागे टाकून आधी ३५ किलोमीटरवरच्या ऐहोळेला जा आणि परतताना पट्टदकल बघा. ऐहोळेतले देऊळबांधणीचे प्रयोग आधी पाहिले की पट्टदकलची प्रगल्भ देवळं उलगडत जातात, आणि ऐहोळेतली मेगुती टेकडीही उन्हाच्या आत चढून होते. पुस्तकातल्या किलोमीटरांचे तास करताना वेग ताशी पस्तीस-चाळीसच धरा.

प्रत्यक्ष देवळात पुस्तक वाचत चालू नका. आदल्या रात्री त्या ठिकाणचं प्रकरण वाचा, आराखड्याच्या पानाची झेरॉक्स काढा आणि नेमक्या चार-पाच जागांवर खुणा करा. मेगुती टेकडीवरच्या देवळाचंच बघा. पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने हर्षाला हरवल्याचा उल्लेख त्यात आहे आणि ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचाही. खूण केली नसेल तर मराठी माणूसही या भिंतीवरून नुसती नजर फिरवून खाली उतरतो, याचं फार वाईट वाटतं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा, चालुक्य राजा पहिला कीर्तिवर्मा याच्या काळातला, त्याचा भाऊ मंगलेश याचा लेख आहे. या लेण्याचा काळ नक्की ठरतो तो त्यावरूनच. पट्टदकलला नागर (उत्तरेकडची, वर निमुळती होत वळणारी) आणि द्राविड (दक्षिणेकडची, पायऱ्यापायऱ्यांची) शिखरं एका आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. तिथे आराखडा हातात धरून आधी फक्त शिखरं ओळखा. नंतर पट्टदकलच्याच विरुपाक्ष मंदिरात वेळ घालवा. लोकमहादेवी राणीने बांधवलेल्या या देवळाचा वेरूळच्या कैलासावर प्रभाव दिसतो. पापनाथाच्या बाहेरच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग कोरलेत आणि पात्रांची नावंही, त्यामुळे कन्नड लिपी येत नसली तरी पुस्तकातल्या यादीवरून प्रसंग जुळवता येतात.

लेण्यांच्या आत अंधार असतो, छोटी विजेरी जवळ ठेवा. बदामीत माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा पुस्तकासोबत खाऊ ठेवू नका.

हंपीत पुस्तकाचा नकाशा दोन भागांत वाचा: नदीकाठचा विरुपाक्ष-विठ्ठल पट्टा आणि दक्षिणेकडचा राजवाड्याचा परिसर. विठ्ठल मंदिर आणि जनाना आवारातला कमलमहाल यांना एकच तिकीट चालतं, पण ते त्याच दिवसापुरतं, त्यामुळे सकाळीच काढा. गाड्या विठ्ठल मंदिराच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. तिथून बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जावं लागतं. जुन्या पुस्तकांत तिथले स्वर उमटणारे खांब वाजवून बघायला सांगितलेलं असतं. त्याला आता बंदी आहे, ती ओळ खोडून टाका.