आईचा पितळी स्टोव्ह ट्रेकला न्यायचा असेल तर

खंडेनवमीला आमच्या घरी पूजेत सुऱ्या, कात्री, पाना, पक्कड आणि आईचा पितळी पंपाचा स्टोव्ह मांडलेला असतो. पाऊस सरत आलेला, गडांवर जायचे दिवस तोंडावर. म्हणून आदल्या संध्याकाळी मी तो अख्खा खोलते. गिरगावच्या चाळीत आईनं त्यावर तेवीस वर्षं स्वयंपाक केला. गॅस आल्यावर तो माळ्यावर गेला. डिसेंबर १९९१मध्ये मी तो सॅकमध्ये घालून खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर नेला. टोलार खिंडीत सॅक कातळावर आपटली, टाकीला पोचा आला. तो अजून आहे. तुमच्याही माळ्यावर असा स्टोव्ह असेल, तर भंगारात घालू नका.

आधी पंप बघा. दांडा ओढून दाबल्यावर हाताला जोर लागला नाही, तर आतला चामड्याचा, वाटीसारखा वायसर सुकलाय. तो काढून रात्रभर एरंडेलात भिजत घाला. सकाळी बोटानं कडा हलकेच बाहेर फाकवा आणि वाटीचं तोंड खाली, टाकीकडे ठेवून परत बसवा. उलटा बसला तर हवा भरतच नाही. चिरलेला वायसर मात्र बदलायचाच, तो भिजवून सुधारत नाही. आता हवा भरून दांडा सोडा. तो आपोआप वर सरकू लागला, तर पंपाच्या बुडाचा छोटा व्हॉल्व्ह हवा परत सोडतोय. ते काम स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. त्याला लांब पाना लागतो.

मग गळती तपासायची. टाकी रिकामी ठेवून हवा भरा आणि जोडांवर, पोच्यावर, बर्नरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा. बर्नरखाली बुडबुडे आले तर तिथला शिशाचा वायसर नवा घाला. टाकीच्या पत्र्यातून एक जरी बुडबुडा आला, तरी तो स्टोव्ह पेटवायचा नाही. फक्त पूजेत ठेवा. इथे मी कुणाचंच ऐकत नाही.

पेटवायला मला आईनं शिकवलं ते असं. टाकी पाऊण भरायची, रॉकेलच. पेट्रोल चुकूनही नाही. हवेची चावी उघडी ठेवायची. काकडा, म्हणजे तारेच्या चिमट्यावरची वात, स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या गळ्याशी अडकवायचा, स्पिरिटच्या डबीला झाकण लावून ती दूर सरकवायची आणि मगच काडी ओढायची. आता थांबा. सगळेजण इथेच घाई करतात. तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ जळते. बर्नर थंड असला तर रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उडतो. काकडा विझत आला की चावी बंद करून तीन-चार पंप मारा. निळी ज्योत धरली आणि भरभर आवाज लागला की आणखी हवा भरा. भडका उडालाच तर चावी उघडा: हवा सुटते, ज्योत बसते. मग बर्नर निवू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्योत एका अंगाला झुकली तर निपलमध्ये, म्हणजे वाफ बाहेर पडते त्या बारीक भोकात, कचरा आहे. पिन सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा. वाकडी घातली तर टोक आतच मोडतं. आमची अशी मोडली होती गणेश गुहेच्या तोंडाशी, रात्री आठ वाजता, डाळ अर्धी शिजलेली असताना. तेव्हापासून चार पिना फिल्मच्या जुन्या डबीत असतात.

तंबूत किंवा बंद खोलीत हा स्टोव्ह लावू नका; विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. रेल्वेत रॉकेल-स्पिरिट नेता येत नाही, त्यामुळे आम्ही स्वतःच्या गाडीनं जातो आणि रॉकेल घट्ट फिरकीच्या झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत नेतो. गड अभयारण्यात आहे, म्हणून आता वर काही पेटवत नाही. पहाटे पायथ्याच्या पाचनईत, ज्यांच्याकडे उतरतो त्यांच्या अंगणात चहा होतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा भाचीनं काकडा लावला. मी हात मागे बांधून उभी होते. आई माझ्यामागे अशीच उभी राहायची.

घरी आल्यावर टाकी रिकामी करा, चावी सैल ठेवा. पितळ चिंचेनं घासून भरपूर पाण्यानं धुवा, पण बर्नर काढून ठेवूनच. भोकात चोथा जाता कामा नये. पूर्ण वाळला की सुती कापडात गुंडाळा. मी आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळते. काकडा मात्र वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर पुढच्या ट्रेकला चहाच्या पुडीला स्पिरिटचा वास लागतो.