गावात नेट टिकत नाही? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

गावाकडे नेटवर होणारा बराच खर्च वाया जातो, कारण नेट नेमकं कुठे अडतंय हे आधी कुणी बघत नाही. रेंज नसते म्हणून राउटर बदलला जातो. वायफाय भिंतीत अडतं म्हणून कंपनी बदलली जाते. लाईट गेली की बंद पडणाऱ्या लाइनवर जास्त वेगाचा प्लॅन घेतला जातो. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोकणातली आणि सह्याद्रीच्या कुशीतली गावं आहेत, कारण तिथे डोंगर, पाऊस आणि चिऱ्याच्या भिंती एकदमच आडव्या येतात. आणि आता हा प्रश्न करमणुकीपुरता राहिलेला नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, प्रवेशाचे फॉर्म, सातबारा, गावात राहून पुण्या-मुंबईची नोकरी करणारी मुलं, सगळं नेटवर अडलेलं आहे.

कांड्या बघून सिम घेणं

फोनवरच्या कांड्या प्रत्येक फोन आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये खरा आकडा सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’च्या आत, सिम स्टेटसमध्ये डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळतो. तो उणे असतो. ४जीसाठी उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ते ११० म्हणजे कामचलाऊ. उणे ११५च्या पलीकडे गेला तर व्हिडिओ मीटिंगची आशा सोडा. हा आकडा पडवीत, माळ्यावर, मागच्या दारी असा फिरून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. आकडा दर ३ने खाली घसरला की ताकद निम्मी होते, त्यामुळे पत्र्याखालची खोली आणि बाहेरचं अंगण यांतला फरकही मोठा निघू शकतो.

आकडा चांगला असूनही नेट रखडत असेल, तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे. गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी आले की रेंज तेवढीच राहते आणि नेट मात्र बसतं, हे कोकणात सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून वेग पहाटे एकदा आणि रात्री नऊच्या सुमाराला एकदा तपासा. पहाटे झकास आणि रात्री ठप्प असेल, तर अँटेना लावून फारसा उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम वापरून बघा.

बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७००ची लहर डोंगराळ भागात लांब पोचते, पण अनेक जुन्या फोनमध्ये आणि सिमवर चालणाऱ्या स्वस्त राउटरमध्ये तो बँड, म्हणजे लहरींचा तो पट्टा (२८ क्रमांकाचा), नसतोच. मग ‘बीएसएनएलला रेंजच नाही’ असा निष्कर्ष निघतो. सिम बाद करण्याआधी एखाद्या नव्या फोनमध्ये घालून बघा. ५जीची रेंज काठावर असेल, तर फोन सारखा ५जी-४जी उड्या मारतो आणि कॉल तुटतात. तिथे सेटिंगमध्ये ४जीच निवडून ठेवा.

दोन कंपन्यांची सिम, पण टॉवर एकच

एक बंद पडलं तर दुसरं चालेल या भरवशावर लोक दोन सिम ठेवतात. पण खेड्यात बऱ्याचदा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. त्या टॉवरची बॅटरी संपली की सगळ्या एकदम जातात. पुढच्या वेळी लाईट लांबली की लक्ष ठेवा: दोन्ही सिमची रेंज साधारण एकाच वेळी गेली, तर टॉवर एकच असण्याची शक्यता मोठी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४च्या नियमांमुळे कंपन्यांनाही आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. आधार म्हणून दुसरी सोय करायचीच असेल, तर ती वेगळ्या वाटेने येणारी हवी. फायबर आणि सिम ही जोडी दोन सिमपेक्षा कितीतरी भरवशाची.

बूस्टर

ऑनलाइन मिळणारा मोबाइल सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटामुळे टॉवरला आजूबाजूच्या फोनचं ऐकू येईनासं होतं. एका घरात दोन कांड्या वाढाव्यात म्हणून अख्ख्या वाडीचे कॉल तोडणं योग्य नाही. घरातलं वायफाय पुढच्या खोलीत नेणारा एक्स्टेंडर ही वेगळी वस्तू. त्याला काही हरकत नाही.

अँटेना वर, राउटर खाली

सिमचा राउटर आणि बाहेरची अँटेना हा दरीतल्या घरांसाठी चांगला उपाय आहे. चूक होते ती केबलमध्ये. माडाच्या उंचीच्या खांबावर अँटेना चढवतात आणि तिथून पातळ को-अ‍ॅक्सिअल केबल (टीव्हीच्या डिशला असते तशी) घरात आणतात. १८०० मेगाहर्ट्झला अशा केबलमध्ये १० मीटरमध्येच साधारण तीन-चतुर्थांश ताकद मुरते, म्हणजे उंचीने कमावलेलं केबलने घालवलं. त्यापेक्षा अँटेना आतच असलेला, बाहेर बसवायचा राउटर खांबावर लावा आणि खाली लॅन केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि त्याच केबलमधून वीजही वर नेता येते. वेगळी अँटेना घेतलीच, तर राउटरच्या दोन्ही सॉकेटना जोडणारी घ्या. आणि विजांचा विचार आधी करा. उंच खांबाला आर्थिंग लागतंच, आणि कातळावर ते नीट मिळणं अवघड असतं. तिथे जाणकार वायरमन बोलवा.

फायबर घेताना फक्त वेग विचारणं

१०० एमबीपीएस की २००, हा गावातला पहिला प्रश्न नव्हे. जोडणी देणाऱ्या केबलवाल्याला पहिला प्रश्न: माझ्या घरापासून तुमच्या मुख्य मशीनपर्यंत मध्ये कुठे कुठे वीज लागते? फायबरच्या नेहमीच्या रचनेत खांबावरच्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारी डबी) वीज लागत नाही. पण काही केबलवाले मध्ये कुणाच्या तरी घरात किंवा पोलवरच्या पेटीत विजेवर चालणारं मशीन बसवतात. त्या घरची लाईट गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट जातं. मुख्य मशीनला बॅटरी आहे का आणि ती किती तास पुरते, हेही विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांना विचारा.

दुसरं, जोडणी करताना तंत्रज्ञाला मीटरवर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा (हाही डीबीएममध्ये) दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २३ असेल तर समाधान माना. उणे २७ ही जवळजवळ शेवटची मर्यादा. मे महिन्यात उणे २६वर चाललेली लाइन जोडाच्या डबीत पाणी शिरलं की जुलैत तुटत राहते. म्हणूनच उन्हाळ्यात जोडणी घेऊन वर्षाचे पैसे एकदम भरू नका. स्वस्त पडतं हे खरं, पण एक पावसाळा महिन्या-महिन्याने काढा. वादळात फांदी पडून केबल तुटल्यावर केबलवाला दोन दिवसांत येतो की दोन आठवड्यांत, हे कळल्यावर काय ते ठरवा.

आणि विजेसाठी मोठा इन्व्हर्टर लागतोच असं नाही. घरातलं फायबरचं मशीन बहुधा १२ व्होल्टवर चालतं आणि १० वॅटच्या आसपास खातं. राउटरसाठीचा छोटा यूपीएस काही तास काढतो. मात्र अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

वायफायचा दोष लाइनवर

जांभ्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लवकर मरतं, २.४चं त्यापेक्षा बरं पोचतं. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. पलीकडच्या खोलीत नेट हवं असेल तर लॅन केबल ओढा. पावसाळ्यात ती सुखाने चालते.

‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार

तक्रारीआधी पाच मिनिटं द्या. फायबरच्या मशीनवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच येत नाहीये: केबल तुटली किंवा घडी पडली आहे. वायर ओढू नका, टोकात डोळा लावून बघू नका. ‘पॉन’चा (फायबर जोडलेलं असल्याचा) हिरवा दिवा स्थिर असेल, तर लॅपटॉप केबलने जोडून आधी राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) आणि मग ८.८.८.८ (गुगलचा बाहेरचा पत्ता) पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. पहिल्याच ठिकाणी उत्तर नाही, तर दोष घरात. पहिलं चालतं आणि दुसरं नाही, तर दोष पुढे.

नेट गेल्याची तारीख-वेळ वहीत टिपा, आणि तक्रार नोंदवल्यावर तिचा क्रमांक मागून घ्या. लाइनमनला केलेला फोन म्हणजे नोंदवलेली तक्रार नव्हे. क्रमांक असेल, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात दिवस घालवू नका. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तेच क्रमांक जोडून पाठवा. टॉवरच सारखा बंद पडत असेल, तर वाडीतल्या प्रत्येक घराने आपली स्वतंत्र तक्रार नोंदवावी, आणि ते सगळे क्रमांक ग्रामपंचायतीच्या पत्रासोबत एकत्र जावेत.