रिलीज मेडिकल बोर्ड: पेन्शनवर येण्याआधी जवानाने करावयाची तयारी

सेवेच्या अखेरच्या वर्षात गावाकडच्या घराचे बांधकाम, मुलांचे प्रवेश आणि पुढची नोकरी यांत मन इतके गुंतते की मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीआधी लष्करी डॉक्टरांकडून होणारी तपासणी, हा एक उरकून टाकण्याचा सोपस्कार वाटू लागतो. वास्तविक बोर्डाच्या वेळी एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर जे लिहिले जाते, त्यावरच अपंगत्व पेन्शनचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो, आणि गावी परतल्यावर तो कागद बदलून घेणे फार अवघड असते.

दावा मंजूर होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आजार किंवा दुखापत सैनिकी सेवेमुळे झालेली असावी अथवा सेवेमुळे वाढलेली असावी, आणि तिच्यामुळे आलेल्या अपंगत्वाचे प्रमाण किमान २० टक्के असावे. पहिल्या गोष्टीवर बहुतेक दावे अडतात. म्हणून दुखापत झाली त्याच वेळी युनिटकडून आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट भरून घ्यावा, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असल्यास तिच्या निष्कर्षाची प्रत मागावी, आणि दाखल झालेल्या प्रत्येक लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कागद तारखेनुसार लावून ठेवावेत. हृदयविकाराच्या बाबतीत आजार उद्भवण्यापूर्वीच्या १४ दिवसांत कोणती ड्यूटी होती, हे युनिटने लिहून द्यावे लागते. त्या नोंदीत उंचावरील तैनाती, सलग रात्रपाळ्या किंवा ऑपरेशनल ताण यांचा उल्लेख आला आहे का, हे स्वतः पाहावे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कॅटेगरी लागली, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली आली, तर बढती हुकेल या भीतीने कित्येक जवान गुडघेदुखी, कंबरदुखी, कमी झालेले ऐकू येणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त श्रेणी) म्हणूनच बाहेर पडतात. ती भीती समजण्यासारखी आहे, परंतु ज्या त्रासाची सेवेत एकदाही नोंद झाली नाही, तो सेवेतलाच होता हे नंतर पटवून देणे जवळजवळ अशक्य होते. त्रास खरा असेल तर तो निवृत्तीच्या पुष्कळ आधी एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) नोंदवहीत आला पाहिजे.

फॉर्ममधील स्वतःचे निवेदन घाईत भरू नये. भरती होण्यापूर्वी हा आजार होता का, या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे आणि नेमके द्यावे. 'लहानपणी कधीतरी दुखत असे' अशा सैल वाक्यावरून आजार सेवेआधीचा ठरवला जाऊ शकतो. सर्व पोस्टिंगची ठिकाणे व काळ क्रमाने लिहावेत. एकापेक्षा अधिक व्याधी असतील तर प्रत्येकीचे स्वतंत्र टक्के आणि एकत्रित टक्के दोन्ही नोंदले गेल्याची खात्री करावी आणि बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी.

नियमांबाबत एक सावधगिरी हवी. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले असून, सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांना त्यांत पेन्शनमधील अपंगत्व घटकाऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' या नावाचा वेगळा लाभ दिला जातो. टक्केवारी ५०, ७५ किंवा १०० अशी वर नेण्याचा लाभ अशा निवृत्तांनाही देणारा राम अवतार खटल्यातील २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, किंवा भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतला मानावा असे सांगणारा धर्मवीर सिंग खटल्यातील २०१३ चा निकाल, हे दोन्ही जुन्या नियमांच्या काळातले आहेत. त्यामुळे ओळखीच्या निवृत्त सुभेदारसाहेबांना जे मिळाले, तेच आपल्याला मिळेल असे गृहीत धरू नये.

दावा फेटाळला गेल्यास नकाराचे पत्र कारणांसह मागावे आणि सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे, असा मार्ग उपलब्ध आहे. अपिलात केवळ अन्याय झाल्याचे लिहून भागत नाही. बोर्डाने दिलेल्या कारणाला इंज्युरी रिपोर्टमधील किंवा रुग्णालयाच्या कागदातील नेमक्या नोंदीने उत्तर द्यावे. मसुदा जमत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मूळ कागद नव्हे, त्यांच्या प्रती घेऊन जावे.