फियाट-पद्मिनीच्या कार्बोरेटरला गॅस्केट बसवताना या चुका टाळा

कुर्ल्याला बनलेली १०८९ सीसीची फियाट किंवा पद्मिनी ज्यांनी अजून सांभाळली आहे, त्यांची तक्रार ठरलेली असते: "नवीन पॅकिंग टाकलं, तरी गाडी रेस सोडत नाही," म्हणजे पाय उचलला तरी इंजिन जोरातच फिरत राहतं. पॅकिंग, म्हणजे कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) सांध्यातलं गॅस्केट, बिचारं चांगलं असतं. बसवणाऱ्याला घाई असते.

पहिला राग सिलिकॉनच्या ट्यूबवर. ओळखीच्या एका डॉक्टरांची पद्मिनी पुण्यात लोण्यासारखी चालायची आणि साताऱ्याला निघाली की खंबाटकीच्या चढाला मरायची. बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. सगळ्यांचं निदान एकच, गरम होतेय. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पेट्रोल पंप नवा घातला, पंपावर ओलं फडकं बांधून झालं. मी फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचं, झाकण उघडलं तर कडेने लाल सिलिकॉन थापलेलं, आणि तळाशी, मेन जेटच्या (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या) तोंडाजवळ, त्याचाच एक धागा तरंगत होता. चढावर इंजिनाने पेट्रोल जोरात ओढलं की धागा जेटवर बसायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि तो सुटायचा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि सोलून निघतं. झाकणाला कोरडं पॅकिंग लावावं, बस. पॅकिंगच्या भोकातून पेट्रोल-हवेचे मार्ग जातात, तेही एकेक करून जुळवून बघावेत. एक झाकलं गेलं तरी दिवसभर डोकं खाईल.

जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की हवेला रस्ता मिळाला. मी पातळ केलेली पितळी पट्टी वापरतो.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं पॅकिंग कापणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. घरी आल्यावर गॅस्केट शीटमधून नीट कापा.

आता दुसरा राग: ताकद. सांध्यातून नको ती हवा घेतेय असं वाटलं की लोक पाना घेऊन नट आवळतात. थांबत नाही म्हणून आणखी आवळतात. कार्बोरेटरच्या बुडाचे दोन कान (नट बसतात त्या बाजूच्या पट्ट्या) नटाखाली वाकतात, मधला भाग उचलला जातो आणि जितकं आवळाल तितकी फट वाढते. स्टीलची पट्टी कानापासून कानापर्यंत उभी धरून उजेडाकडे बघा. मधून प्रकाश दिसला तर दोन पॅकिंग एकावर एक टाकून काही होणार नाही. जाड काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाणी मारत, इंग्रजी आठच्या आकारात सावकाश घासायचं. वेळ लागतो, कंटाळा येतो, आणि ज्यांना कंटाळा येतो त्यांनी जुन्या गाड्यांच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. घासून झाल्यावर सगळे मार्ग पेट्रोलने धुऊन हवा मारा. नट बोटांनी टेकवायचे, मग छोटा रिंग पाना मधोमध धरून दोन्हीकडे थोडं थोडं आळीपाळीने. इंजिन गरम होऊन पूर्ण गार झालं की पुन्हा एकदा हलकेच.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण इंजिनात नेणारी नळी) यांच्या मधला जाड फायबरचा ठोकळा काढून फेकू नका. इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत येऊ नये म्हणून तो असतो आणि त्याला वरून-खालून दोन्ही बाजूंना पॅकिंग लागतं. खालचं विसरणारे खूप.

हवा घेतेय का हे बघायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे शूर वीर असतात. आग लागते, बाबांनो. मी ऑइलच्या डबीने सांध्याभोवती थेंब सोडतो. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची संथ चाल, बदललं की जागा सापडली. पॅकिंग ठीक असूनही काहीच फरक पडत नसेल तर थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा हलवून बघा. तो भोकात खुळखुळत असेल तर हवा तिथून येतेय, आणि तिथे कुठलंच पॅकिंग कामाचं नाही.

आणि काम करताना आत काही पडू नये म्हणून मॅनिफोल्डच्या तोंडात कोंबलेलं फडकं कार्बोरेटर बसवण्याआधी काढा. मी त्याचं एक टोक मुद्दाम बाहेर लोंबतं ठेवतो.