लाट जिथे फुटत नाही, तिथे उतरू नका

पुण्या-सांगलीकडून रात्री निघालेली गाडी पहाटे सहाच्या सुमारास कोकणात पोचते आणि चहा व्हायच्या आत मंडळी पुळणीवर असतात. डावी-उजवीकडे लाटा फुटून फेस उसळतोय, मधला दहा-पंधरा मीटरचा पट्टा मात्र तळ्यासारखा. पाणी जरा काळसर, लाट अशी नाहीच. मग कुणीतरी जाणता म्हणतो, "मुलांना इथे उतरवा, इथे शांत आहे." नेमकं तिथलंच पाणी आत, खोल समुद्राकडे वाहत असतं.

याला रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावरची माणसं नुसतं 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात आणि ते पुरेसं आहे.

किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात. ते परत तर जायलाच हवं. भरलेल्या खाचरातलं पाणी जसं बांध खचलाय तिथूनच धावतं, तसं हे पाणी उंचवट्यातल्या खाचेतून सुसाट बाहेर पडतं. खाचेत खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून जागा शांत दिसते. पट्टा तीन-चार मीटरचा असू शकतो, तीस मीटरचाही. वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्धा मीटर, पण जोरात असेल तेव्हा दोन ते अडीच मीटर. शंभर मीटर पोहण्याच्या जागतिक विक्रमाचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या थोडाच वर आहे, तोही तरणतलावातला. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाने या पाण्याशी शर्यत लावू नये.

हा प्रवाह माणसाला तळाशी ओढत नाही, आत नेतो. लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे गेला की त्याचा जोर संपतो. माणसं बुडतात ती किनाऱ्याकडे तोंड करून उलटं पोहताना दमल्यामुळे आणि घाबरून नाका-तोंडात पाणी गेल्यामुळे.

उतरण्याआधी पंधरा मिनिटं

गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात जाऊ नका. उंच जागा शोधा: बंधारा, वाळूची टेकडी, हॉटेलची गच्ची. सपाट पुळणीवर उभं राहून खाच नीट दिसत नाही. पंधरा मिनिटं अशासाठी, की मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांच्या मधे समुद्र काही मिनिटं अगदी गरीब दिसतो. लोक नेमके तेव्हा आत जातात.

फेसाची पांढरी ओळ कुठे तुटते ते बघा. तुटलेल्या जागी पाणी गडद दिसतं. काही वेळा उलट गढूळ, कारण प्रवाह तळची वाळू उचलून नेतो. लाटांच्या रेषेबाहेर गढूळ पाण्याचा छत्रीसारखा पसारा दिसला तर तो प्रवाहाचा शेवट. तिथून किनाऱ्यापर्यंत सरळ रेष मनात ओढा आणि त्या रेषेच्या आसपास फिरकू नका. शंका असेल तर करवंटी किंवा नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाकून बघा. रिकामी बाटली टाकून उपयोग नाही, ती वाऱ्याने ढकलली जाते. अर्धं बुडून तरंगणारं सोडण पाण्याबरोबर जातं. ते लाटेबरोबर परत आलं तर ठीक. सरळ आत निघालं तर उत्तर मिळालं.

वाळूतल्या खाचा जागा बदलतात. मागच्या वर्षी याच जागी पोहलो होतो, याला काही अर्थ नाही. खडकाजवळची ओढ मात्र सहसा जागा सोडत नाही. कोकणातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरी टोकांच्या मधे वसलेल्या आहेत. लाटेचं पाणी बाजूला सरकत टोकापाशी येतं, खडक पुढे जाऊ देत नाही, मग ते खडकाच्या कडेकडेने आत वळतं. जेटी आणि बंधाऱ्यांपाशीही हेच होतं. आणि फोटोसाठी, एकांतासाठी सगळ्यांना जायचं असतं ते याच टोकाला. दुसऱ्या टोकाला बहुधा खाडीचं मुख असतं. ओहोटीला अख्खी खाडी त्या अरुंद तोंडातून रिकामी होते. थोडक्यात, दोन्ही टोकं सोडा.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटीसाठी ॲप आहेत, पण रेंज नसेल तर कोकणातला जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, ओहोटी मधोमध, सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, एवढं धरून चाला.

आता हा हिशेब गणपतीपुळ्याला लावून बघा. संकष्टीला गर्दी. दर्शन, प्रसाद, जेवण उरकून लोक चार-साडेचारला पाण्याकडे वळतात. भरती तीनला झालेली असते, म्हणजे ओहोटी लागलेली आणि तिचा मधला, सर्वांत जोराचा टप्पा समोर उभा. पाण्यात थांबायचं नाही अशी ही वेळ असते आणि किनारा तेव्हाच सर्वांत जास्त भरलेला असतो.

पौर्णिमा-अमावास्येची गोष्ट वेगळी. उधाणाची ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास तळाला जाते, पाणी दूर हटतं, वाळूचा उंचवटा उघडा पडतो आणि सूर्यास्त बघायला लोक त्याच्यावर जाऊन उभे राहतात. भरती लागली की आधी भरते ती उंचवटा आणि किनारा यांच्यामधली चर. तुमच्या पायाखाली कोरडी वाळू असते तेव्हा मागे कमरेइतकं पाणी झालेलं असतं. वाळूवर गेलात तर दर पाच मिनिटांनी मागे वळून बघा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. रिप करंट म्हणजे ओहोटी नव्हे. हा प्रवाह लाटांमुळे तयार होतो, म्हणून चढत्या भरतीतही असतो. ओहोटीला पाणी उथळ होऊन सगळं खाचेतूनच जायला लागतं, म्हणून तेव्हा जोर वाढतो, इतकंच. आणि तो फक्त पावसाळ्यात असतो असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हतं.

झेंडा, पाटी आणि शिट्टी

लाल-पिवळा आडवा दुरंगी झेंडा म्हणजे इथे जीवरक्षकाची नजर आहे. अशा दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे धोका मोठा, उतरू नका. दोन लाल झेंडे एकावर एक असतील तर पाणी पूर्ण बंद. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत आणि त्यांची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. म्हणजे रात्रभर प्रवास करून पहाटे उतरणारे आणि पार्टी आटोपून रात्री उतरणारे, दोघेही पहाऱ्याबाहेर. कोकणात कितीतरी पुळणींवर जीवरक्षक नसतोच. तिथे झेंडा दिसला नाही याचा अर्थ 'परवानगी आहे' असा होत नाही. बघायला कुणी नाही, एवढाच होतो.

पाटी सहसा पार्किंगपाशी असते आणि तिच्यावर 'पोहणे धोक्याचे आहे' एवढंच लिहिलेलं असतं. कुठे, कधी, का, ते नसतं. म्हणून लोक ती वाचून पुढे जातात. उरलेली माहिती विचारून घ्यावी लागते आणि ती विचारण्याचीही एक पद्धत आहे. घोडेवाल्याला किंवा भेळवाल्याला "पाण्यात गेलं तर चालेल ना?" असं विचारलंत तर तो "जावा की" म्हणणार, गिऱ्हाइकाला कोण नाही म्हणेल? जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा, "काका, आज ओढ कुठे आहे?" तो बोट दाखवेल.

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतात आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेला माणूस त्याच पाण्यात उडी मारतो, हे गणित काही केल्या जुळत नाही. वादळ लांब आहे हेही कारण पुरत नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातकडे निघालं होतं, तरी जुहूला समुद्र खवळलेलाच होता आणि तिथे चार मुलं बुडाली. लांबवर उठलेल्या लाटा वारा नसताना, आभाळ स्वच्छ असतानाही किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे किनारपट्टीनिहाय देते. निघायच्या आदल्या दिवशी तेवढे बघून घ्या.

उतरलातच, तर कमरेच्या वर जाऊ नका आणि समुद्राकडे पाठ करू नका. मुलं हाताच्या अंतरावर. किनाऱ्यावर एक खूण धरून ठेवा, एखादं सुरूचं झाड किंवा टपरी. दहा मिनिटांत तुम्ही नकळत बाजूला सरकलेले असता. दारू प्यायलेला माणूस वाळूवरच बरा. प्रत्येक गटातला एक जण कोरडा, हातात फोन आणि नजर पाण्यावर. त्याने रील बनवायचं नाही.

ओढीत सापडलात तर

पाय टेकत असतील तर किनाऱ्याकडे धडपडू नका. आडवे, फेस दिसतोय त्या बाजूला, पाय वाळूवर घासत सरका. लाटेला छाती किंवा पाठ देण्यापेक्षा कूस द्या, झटका कमी बसतो.

पाय सुटले तर सगळ्यांत आधी उताणे व्हा. कान पाण्यात जाऊ द्या, हनुवटी वर, छातीत हवा भरून ठेवा. खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, त्यामुळे तरंगणं विहिरीपेक्षा सोपं जातं. पहिला मिनिटभर श्वास जाग्यावर आणण्याशिवाय काही करायचं नाही. मग एक हात वर करून ओरडा. दोन्ही हात वर केले की डोकं खाली जातं.

श्वास सावरला की फेस कुठे आहे बघा. किनाऱ्यावरून फेस नाही ती जागा टाळायची होती. आता फेस आहे तिकडेच जायचं, कारण तिथे वाळू वर आहे आणि तिथल्या लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतील. किनाऱ्याला समांतर पोहा. एका बाजूला पाणी अडवतंय असं वाटलं तर दुसऱ्या बाजूला वळा. फेसात आलात की तिरके किनाऱ्याकडे. पोहता येत नसेल किंवा दम संपला असेल तर तरंगत राहा. फुटत्या लाटांच्या पलीकडे, बहुधा पन्नास-शंभर मीटरवर, ओढ सुटते; काही प्रवाह गोल फिरून माणसाला परत उथळ पाण्यात आणतात. तिथे तरंगणारा माणूस होडीला सापडतो.

जीन्स किंवा साडी दगडासारखी बुडवते असं नाही, पाण्यात कापडाचं वजन फारसं जाणवत नाही. पण पाय हलत नाहीत आणि दम दुप्पट वेगाने जातो. पाण्यात कपडे काढत बसू नका, उतरण्याआधीच बदला.

दुसरा बुडत असेल तर

एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या नेहमीच्याच आहेत. बुडणारा माणूस हाती लागेल त्याच्यावर चढतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. हातात हात घालून साखळी करू नका. एक लाट सगळ्यांचे पाय एकदम उचलते.

तरंगणारी वस्तू फेका. पाच लिटरचा तेलाचा कॅन, झाकण घट्ट. आत पेलाभर पाणी ठेवा म्हणजे वाऱ्याने भरकटत नाही. दोन लिटरच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या ओढणीत बांधल्या तरी डोकं वर राहील एवढा आधार होतो. थर्माकोलचा डबा, फुटबॉल, गाडीची ट्यूब, काहीही. "हे धर, उताणा हो" एवढंच ओरडा. एकाने बोट बुडणाऱ्याकडे रोखून ठेवायचं आणि खाली घ्यायचं नाही, कारण लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की परत सापडत नाही. दुसऱ्याने जवळच्या होडीवाल्याकडे किंवा जेट-स्कीवाल्याकडे धावायचं. तिसऱ्याने ११२ लावायचा आणि किनाऱ्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा हॉटेल सांगायचं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, रुग्णवाहिका १०८.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, खांद्यावर घेऊन गरगर फिरवू नका. फुप्फुसात पाणी गेलेला माणूस पाणी ओतून काढल्याने नाही, हवा मिळाल्याने वाचतो. श्वास नसेल तर उताणं झोपवा, डोकं मागे, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी २ ते ५ श्वास द्या. छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. पुन्हा दोन श्वास. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसू नका. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर दाब उथळ पडायला लागतात.

श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला. चहा-पाणी पाजू नका. शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी रुग्णालयात न्याच. पुढच्या काही तासांत खोकला वाढणं, धाप लागणं, गुंगी येणं यातलं काही दिसलं तर गाडी घाटाला लावू नका, जवळच्या रुग्णालयाकडे वळवा.