नर्सिंग प्रवेश परीक्षेचं गणित: मार्क नेमके कुठे जातात?

नर्सिंग प्रवेशाच्या गणिताचा अभ्यासक्रम पहिल्यांदा पाहिला की जरा हायसं वाटतं. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, मापांची रूपांतरं, सरासरी, एखादा आलेख, साधी समीकरणं. कॅल्क्युलसचं नाव नाही. मग सगळा वेळ जीवशास्त्राला जातो आणि गणित शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. पण शाळेत येत होतं आणि आज दीड मिनिटात येतंय, यात बरंच अंतर आहे. दीड मिनिट हा आकडा उगाच नाही: अमेरिकेतल्या टीज (TEAS) या नर्सिंग प्रवेश परीक्षेच्या सातव्या आवृत्तीत गणिताचे ३८ प्रश्न ५७ मिनिटांत सोडवायचे असतात.

उजळणी करतानाही एक गडबड होते. जे धडे आवडतात तेच पुन्हा पुन्हा गिरवले जातात. त्यापेक्षा आधी घड्याळ लावून एक पूर्ण सराव पेपर सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ संपला. ‘सिली मिस्टेक’ असं मोघम लिहून पुढे जाऊ नका. तीच सिली मिस्टेक चार वेळा झाली असेल, तर तो सरळ सरळ कच्चा धडा आहे.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते मापं आणि औषधाच्या मात्रेच्या गणितात. एक नमुना बघू. औषधाच्या ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ घटक आहे आणि रुग्णाला ०.२ ग्रॅम द्यायचा आहे. किती मिली? इथे दोन खड्डे आहेत. पहिला एककांचा: ०.२ ग्रॅम म्हणजे २०० मिग्रॅ, २० नव्हे. दुसरा गुणोत्तर उलटं मांडण्याचा. १२५ भागिले २०० करून ५ ने गुणलं की ३.१२५ मिली येतं, आणि पर्यायांत ते उत्तर बहुधा वाट बघत बसलेलं असतं. मांडणीआधी स्वतःला एवढंच विचारा, की उत्तर ५ पेक्षा मोठं यायला हवं की लहान? २०० हे १२५ पेक्षा जास्त, म्हणजे औषधही ५ मिलीपेक्षा जास्तच लागणार. २०० भागिले १२५, गुणिले ५, बरोबर ८ मिली.

हाच अंदाज वजनालाही लावा. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, हे पाठ असतं. गुणायचं की भागायचं, तिथे घोळ होतो. किलोतला आकडा पौंडातल्या आकड्यापेक्षा नेहमी लहान असतो, त्यामुळे १५४ पौंडांना २.२ ने भागायचं. ७० किलो. आणि कच्च्या कामात प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहाच. नुसते आकडे लिहिणाऱ्याला मधल्या पायरीवर आपण ग्रॅममध्ये आहोत की मिलिग्रॅममध्ये, हे कळत नाही.

शेकडेवारीत छेद चुकतो. नाडीचे ठोके ८० वरून १०० झाले तर वाढ २५ टक्के, पण १०० वरून ८० झाले तर घट २० टक्के. फरक दोन्हीकडे २० चाच, भागायचं मात्र मूळ संख्येने.

आता कंचेभागुबेव. शाळेत पाठ केलेलं हे सूत्र अक्षरशः लावलं की १० − ४ + ३ चं उत्तर ३ येतं, कारण ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर. बरोबर उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पातळीवर असतात, डावीकडून उजवीकडे सोडवायच्या, गुणाकार-भागाकाराचंही तसंच. कॅल्क्युलेटर सांभाळून घेईल, या भरवशावर राहू नका. टीजमध्ये फक्त चार क्रियांचा साधा कॅल्क्युलेटर मिळतो. असे साधे कॅल्क्युलेटर सहसा बटणं दाबली त्याच क्रमाने हिशेब करतात: ८ + ४ × ३ दाबलं की २० ऐवजी ३६. तेव्हा सरावही मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर न करता साध्यावरच करा.

मध्यक काढताना संख्या चढत्या क्रमाने लावायचं राहून जातं. ७, ३, ९, ४, १२ यांचा मध्यक ७ आहे, मधोमध दिसणारा ९ नाही.

घरी जमतं आणि पेपरात अडतं, अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही धड्यानुसार सराव करता का? शेकडेवारीची वीस गणितं सलग सोडवताना रीत कुठली वापरायची, हा प्रश्नच उरत नाही. पेपरात तोच मुख्य प्रश्न असतो. शेवटचे काही आठवडे सगळे प्रकार मिसळून सोडवा. दोन, प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी वाचता का? किती वापरलं ते काढून झालं, पण विचारलं होतं किती उरलं, हे नेहमीचं आहे.

आणि एका गणितात अडकून बसू नका. टीजमधल्या ३८ पैकी ४ प्रश्नांना गुणच नसतात, फक्त ते कुठले हे कळत नाही. ज्याच्यावर पाच मिनिटं घालवली तो त्यातलाच निघू शकतो. तिथे चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत. अशक्य वाटणारे पर्याय आधी बाद करा, उरलेल्यांतला एक निवडा आणि पुढे जा.