या चुका टाळा: पारदर्शक फुटेजच्या कडेला येणारी काळी झालर आणि बिघडलेले रंग

पांढऱ्या देवनागरी अक्षरांचे शीर्षक फिकट राखाडी पार्श्वभूमीवर ठेवल्यावर शिरोरेखेभोवती बारीक काळपट रेघ दिसली, की बहुतेक जण लगेच सिंपल चोकर हा कड आकसणारा इफेक्ट लावून कड आत ढकलतात. मीही बराच काळ हेच करत होतो. रेघ जाते खरी, पण तिच्याबरोबर वेलांटीचे टोक झिजते, रफार अशक्त होतो आणि अनुस्वाराचा गोलावा बिघडतो. दोष अक्षरांत नसतो. आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आणताना तिच्या अल्फा चॅनलचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक आहे हे सांगणाऱ्या माहितीचा, अर्थ चुकीचा लावला गेलेला असतो आणि दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

पारदर्शकता साठवण्याच्या दोन रीती आहेत. स्ट्रेट रीतीत रंग पूर्ण असतो आणि तो किती दिसावा हे केवळ अल्फा ठरवतो. प्रीमल्टिप्लाइड रीतीत रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, म्हणजे कडेच्या पिक्सेलमध्ये काळा रंग अगोदरच मिसळलेला असतो. संगणकचित्रणाचे संशोधक पोर्टर आणि डफ यांनी १९८४ साली कंपोझिटिंगचे, म्हणजे चित्रांचे थर एकमेकांवर चढवण्याचे, गणित मांडले तेही याच दुसऱ्या रीतीने, कारण तीत प्रत्येक थर चढवताना करावे लागणारे गुणाकार वाचतात. आता कडेचा एक अर्धपारदर्शक पांढरा पिक्सेल घेऊ. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा असे धरले, तर त्याचे साठवलेले मूल्य सुमारे १२८ आहे आणि मागची राखाडी २०० आहे. योग्य वाचन झाले तर १२८ मध्ये २०० चे अर्धे मिळून २२८ येते. तीच फाइल स्ट्रेट समजली गेली, तर १२८ पुन्हा निम्मे होऊन ६४ उरते आणि बेरीज १६४ भरते. म्हणजे हा पिक्सेल अक्षरापेक्षाही गडद आणि पार्श्वभूमीपेक्षाही गडद ठरतो. तीच आपली काळी रेघ. कंपोझिशनची पार्श्वभूमी काळी असताना ही चूक जवळजवळ दिसत नाही आणि म्हणून ती शेवटच्या रेंडरपर्यंत लपून राहते. आणलेले प्रत्येक पारदर्शक फुटेज एकदा पांढऱ्या आणि एकदा भडक रंगाच्या सॉलिडवर (एकाच रंगाच्या थरावर) ठेवून, कड चारशे टक्के मोठी करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

उलट चूकही तितकीच होते. स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड म्हणून वाचली, तर सॉफ्टवेअर कडेच्या रंगाला अल्फाने भागते. भगव्या झेंड्याच्या रंगात लाल, हिरवा आणि निळा यांची मूल्ये २५५, १५३, ५१ अशी असतील, तर अर्धपारदर्शक कडेवर हिरव्याचे मूल्य दुप्पट होऊन कमाल २५५ वर अडकते, निळ्याचे १०२ होते, आणि भगव्याच्या काठावर पिवळी चमक उमटते. ती काढण्यासाठी ह्यू, म्हणजे रंगछटा, बदलत बसणे व्यर्थ आहे.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्ट पॅनलमध्ये फुटेज निवडून इंटरप्रेट फुटेज उघडावे आणि अल्फाचा प्रकार बदलून पाहावा. गेस या बटणावर डोळे झाकून विसंबू नये, तो केवळ अंदाज असतो. पीएनजीच्या मानकाप्रमाणे त्या फाइलचा अल्फा स्ट्रेट असतो, तर ईएक्सआर या व्हीएफएक्सच्या चित्रफाइलमध्ये प्रीमल्टिप्लाइड रीतीचा प्रघात आहे. प्रोरेस ४४४४ या व्हिडिओप्रकारात मात्र दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा ज्याने रेंडर दिला त्यालाच विचारणे उत्तम. रेंडर पांढऱ्या पार्श्वभूमीवर मिसळलेला असेल, तर मॅटचा रंगही (कडेत मिसळलेला रंग) पांढराच निवडावा लागतो; तो काळा राहिला, तर कडेला फिकट झालर उरते.

रंगांच्या तक्रारींचे मूळही अशाच चुकीच्या वाचनात असते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस, म्हणजे कामाची रंगव्यवस्था, निवडलेलीच नसेल, तर फाइलला जोडलेल्या प्रोफाइलनुसार रंग बदलले जात नाहीत. लिनियर प्रकाशमूल्यांची ईएक्सआर फाइल साधी चित्रफाइल म्हणून वाचली गेली, तर मध्यम राखाडी ११८ ऐवजी ४६ च्या आसपास दिसते. अशा वेळी कर्व्हज लावून चित्र उजळवण्याऐवजी आधी इनपुटची रंगव्यवस्था तपासावी. १६ ते २३५ या मर्यादेत साठवलेला व्हिडिओ ० ते २५५ समजला गेला, तर काळा रंग धुरकट आणि पांढरा मळका दिसतो. नॉर्मल मॅप किंवा डिस्प्लेसमेंट मॅप यांत रंग नसून माहिती असते, म्हणून त्यांच्यासाठी प्रिझर्व्ह आरजीबी हा मूल्ये न बदलण्याचा पर्याय चालू ठेवावे. मऊ ग्लो किंवा लांब ग्रेडियंट असेल, तर ८ बिटमध्ये काम करू नये, कारण पट्टे उमटतात. १६ बिट पुरेसे असते, आणि ईएक्सआरमधील पांढऱ्याहून उजळ मूल्ये जपायची असतील तरच ३२ बिट घ्यावे.

बाहेर पाठवताना आणखी एक सापळा असतो. नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये किंवा प्रोरेस ४२२ मध्ये अल्फा जातच नाही. त्यासाठी प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी सिक्वेन्स निवडून आउटपुट मोड्यूलमध्ये आरजीबी आणि अल्फा असे दोन्ही चॅनल ठेवावे लागतात. स्ट्रेट रेंडर अल्फाविना उघडला, की रंग कडेबाहेर पसरलेला दिसतो आणि रेंडर फसला असे वाटून लोक तो पुन्हा करतात. तो फसलेला नसतो. अल्फासह वाचल्यावर कड स्वच्छ येते. मी फाइलच्या नावातच अल्फाचा प्रकार आणि रंगव्यवस्था लिहून पाठवतो, म्हणजे पुढच्या संकलकाला गेस हे बटण दाबावे लागत नाही.